लाइव्हला हात लावायचा नाही: पावती प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै २०२५, गुरुवार

आजपासून या नोंदी. काम एकच: संस्थेच्या वेबसाइटचं डेव्हलपमेंट आणि डीबगिंग (कोडमधल्या चुका शोधणं) लाइव्ह सर्व्हरवरून, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्या मशीनवरून, कायमचं हलवायचं. मुदत गणेश चतुर्थीची, म्हणजे २७ ऑगस्ट.

इंदूरमधल्या आमच्या मराठी संस्थेची साइट तशी लहान आहे. ग्रंथालयाची वर्गणी, सभागृहाचं बुकिंग आणि देणग्या, एवढंच. वर्षभर तिच्यावर फारसा ताण नसतो. गणपतीचे दहा दिवस मात्र पुण्या-मुंबईपासून अमेरिकेपर्यंत पांगलेली इथली मुलं-मुली घरच्यांच्या नावाने देणगी पाठवतात, आणि तीही बहुतेक सगळी संध्याकाळी आरतीच्या सुमाराला.

गेल्या वर्षी काय झालं ते आधी लिहून ठेवते, कारण हे सगळं त्यासाठीच चाललंय. ७ सप्टेंबर २०२४, चतुर्थी. काही पावत्यांवर रक्कम दोनदा छापून येत होती. माझ्या लॅपटॉपवर तसं होईना, म्हणून मी लाइव्ह सर्व्हरवरच एक्सडीबग हे चुका शोधायचं टूल चालू केलं आणि पावतीच्या कोडमध्ये ब्रेकपॉइंट लावला, म्हणजे कोड चालता चालता जिथे थांबेल ती खूण. पावती क्रमांक सलग यावेत म्हणून डेटाबेसच्या एका ओळीत शेवटचा क्रमांक ठेवलेला आहे. पावती तयार होत असताना ती ओळ कुलूपबंद होते आणि काम संपलं की सुटते. माझा ब्रेकपॉइंट नेमका कुलूप लागल्यानंतरच्या ओळीवर होता. मी व्हेरिएबल बघत बसले होते आणि बाहेर प्रत्येक देणगीदार त्या कुलपाशी थांबला होता. आमच्या डेटाबेसचं इंजिन, इनो-डीबी, अशा वेळी ५० सेकंद वाट बघतं आणि मग एरर देतं. त्यात सर्व्हरवर पीएचपीचे (साइट ज्या भाषेत लिहिली आहे तिचे) कामकरी, म्हणजे एका वेळी एकेक विनंती हाताळणारे, पाचच होते. सर्व्हरवरच्या उबुंटू लिनक्सच्या मूळ सेटिंगमध्ये तेवढेच असतात आणि ते आम्ही कधी बदललेच नव्हते. एक माझ्याजवळ अडकलेला, चार कुलपाशी रांगेत. त्यामुळे ग्रंथालयाचं साधं पानसुद्धा उघडेना.

लोकांच्या खात्यातून पैसे गेले, पण पावती आली नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पैसे भरले. चौदा जणांचे पैसे दोनदा आले. कोषाध्यक्ष काकांनी त्या चौदा जणांना एकेक करून स्वतः फोन केला. ते मला एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

५ जुलै, शनिवार

लाइव्ह सर्व्हरवर काय काय पडून आहे त्याची झडती घेतली. आमच्याकडे नव्याने लागलेला मुलगा सोबत होता. तो मला ताई म्हणतो, मी त्याला इथे ‘धाकटा’ म्हणते.

वेब फोल्डरमध्ये सापडलेल्या गोष्टी: ‘इन्फो’ नावाची फाइल, जी उघडली की पीएचपीची सगळी मांडणी, फोल्डरांचे पत्ते आणि सर्व्हरचे व्हेरिएबल जगाला दिसतात. ‘टेस्ट-२’. ‘नवी पावती फायनल’, आणि तिच्याच शेजारी ‘नवी पावती फायनल जुनी’. डेटाबेस हाताळायचं एक-फाइली टूल, दोन वर्षांपूर्वी ‘आजच्यापुरतं’ म्हणून ठेवलेलं. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवणाऱ्या गिटचं पूर्ण फोल्डर, म्हणजे आजवरचा सगळा इतिहास कोणीही उतरवून घ्यावा.

सगळ्यात वाईट म्हणजे कॉन्फिग फाइलची ‘डॉट बॅक’ प्रत. मूळ फाइल ‘डॉट पीएचपी’ असते, म्हणून सर्व्हर ती चालवतो आणि आतला मजकूर बाहेर जात नाही. तिच्या नावाला शेवटी ‘डॉट बॅक’ जोडलं की ती साधी मजकुराची फाइल होते आणि सर्व्हर ती जशीच्या तशी हातात देतो. डेटाबेसचा पासवर्ड, एसएमएसची किल्ली, पेमेंटची किल्ली, सगळं. मी स्वतःच्या फोनवरून पत्ता टाकला आणि पासवर्ड समोर आला. पोटात गोळा आला.

ॲक्सेस लॉग, म्हणजे साइटवर कोणी काय मागितलं त्याची नोंद, चाळला. असल्या फाइली शोधणारे बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम, रोज येतात. ‘डॉट ईएनव्ही’ मागणारे, ‘डॉट गिट’ मागणारे, ‘इन्फो’ मागणारे. आमच्या ‘बॅक’ फाइलचं नेमकं नाव हाताशी असलेल्या लॉगमध्ये कोणी मागितलेलं दिसलं नाही, पण लॉग चौदाच दिवसांचे आहेत. म्हणून सगळे पासवर्ड आणि किल्ल्या आजच बदलल्या. रात्रीचे दीड वाजले.

धाकट्याने विचारलं, ‘ताई, डिस्प्ले एरर्स चालू असलं तर एवढं काय बिघडतं? फक्त एररच दिसते ना?’ त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, एररमध्ये फाइलचा पत्ता, क्वेरी आणि कधी कधी त्या माणसाचा फोन नंबरही असतो. दुसरी, डीबग मोड म्हणजे नुसती खिडकी नसते, कधी कधी ते दारही असतं. २०२१ मध्ये लारावेल या पीएचपीच्या तयार चौकटीच्या इग्निशन या एरर दाखवणाऱ्या पॅकेजात अशी भेग निघाली होती की डीबग मोड चालू असलेल्या साइटवर बाहेरचा माणूस स्वतःचा कोड चालवू शकत होता. आमची साइट लारावेलमध्ये नाही, पण सवय तीच आहे.

६ जुलै, रविवार

आषाढी. काम नाही. सकाळी राजवाड्याकडे जाऊन आले, साबुदाण्याची खिचडी, घरी झोप.

९ जुलै, बुधवार

पहिला प्रश्न: लाइव्हवर दिसणारी चूक माझ्या लॅपटॉपवर का दिसत नाही? गेल्या वर्षी या प्रश्नाचं उत्तर शोधलं असतं तर लाइव्हवर जायची वेळच आली नसती. आज दोन्हीकडची मांडणी ओळीला ओळ लावून बघितली.

लाइव्हवर पीएचपी ८.१, लॅपटॉपवर ८.३. लाइव्हवर लिनक्स, तिथे ‘पावती’ फाइलच्या नावात कॅपिटल अक्षर चुकलं तर ती सापडत नाही. धाकट्याचा लॅपटॉप विंडोजचा, तो फरक करत नाही. डेटाबेसचं व्हर्जन वेगळं. आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर), आमचं भारतीय वेळेवर.

या शेवटच्या फरकापाशी मी बराच वेळ थांबले. यूटीसी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. १ एप्रिलला पहाटे पाचला कोणी देणगी दिली तर सर्व्हरच्या हिशेबाने ती ३१ मार्चची ठरते, म्हणजे मागच्या आर्थिक वर्षातली. देणगीवर ८०-जीची करसवलत घेणाऱ्याचं वर्षच बदलतं, आणि संस्थेला मेअखेर देणग्यांचं जे दहा-बीडीचं विवरण भरावं लागतं त्यातही ती चुकीच्या वर्षात जाते. जुन्या नोंदी तपासल्या. अशा दोन देणग्या निघाल्या. काकांना कळवलं.

आता दोघांच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (लॅपटॉपच्या आत वेगळी, बंदिस्त मांडणी उभी करणारं टूल) लाइव्हसारखीच मांडणी: तेच पीएचपी, तोच डेटाबेस, तीच एक्स्टेन्शन्स. एक्सडीबग फक्त इथे. ब्रेकपॉइंटवर तासभर थांबलं तरी कोणाचं काही अडत नाही.

१४ जुलै, सोमवार

स्टेजिंग सर्व्हरचा (चाचणीसाठीच्या वेगळ्या मशीनचा) खर्च मंजूर करून घ्यायला काकांकडे गेले. बाहेर धो धो पाऊस. काकूंनी भुट्ट्याचा कीस केला होता, त्यामुळे बोलणं निवांत झालं.

काकांचं म्हणणं सरळ होतं: ‘अगं, एक सर्व्हर आहे ना आपल्याकडे? त्यावरच एका कोपऱ्यात करा की तुमचं ते स्टेजिंग.’ मी सांगितलं की एकाच मशीनवर दोन्ही ठेवलं तर डिस्क एक, मेमरी एक, डेटाबेस एक. स्टेजिंगवर एखादी क्वेरी बेफाम सुटली की लाइव्हही तिच्यासोबत बसतं. शिवाय घाईत कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते चुकतं, आणि तेच तर आपल्याला टाळायचंय.

काका तरुणपणी हौशी नाटकांत कामं करायचे. म्हणून म्हटलं, काका, आमच्या लॅपटॉपवर चालतं ते वाचन आणि साध्या तालमी. स्टेजिंग म्हणजे रंगीत तालीम. तेच नेपथ्य, तेच कपडे, तोच प्रकाश, फक्त समोर प्रेक्षक नाहीत. काका लगेच म्हणाले, ‘मग रंगीत तालीम दुसऱ्याच्या चालू प्रयोगात कशी करणार? वेगळं थिएटर लागणार.’ मंजूर. महिना सहाशे रुपयांच्या आत बसेल असं लहान मशीन घेते.

स्टेजिंगला पासवर्ड लागेल आणि आमच्या दोघांच्या व्हीपीएनवरूनच (खाजगी जोडणीवरूनच) ते उघडेल. नुसत्या ‘रोबोट्स’ फाइलवर भिस्त ठेवणार नाही. ती सर्च इंजिनला विनंती करते, कोणाला अडवत नाही. उलट लपवायच्या फोल्डरांची नावं त्यात लिहिली तर त्यांची यादीच आयती मिळते.

१८ जुलै, शुक्रवार

स्टेजिंगवर डेटा कुठला ठेवायचा, यावर आज दिवस गेला.

सगळ्यात सोपं म्हणजे लाइव्हच्या डेटाबेसची पूर्ण प्रत (डंप) घेऊन तिकडे ओतणं. सगळे तेच करतात, मीही केलेलं आहे. पण पेट्रिऑन या, चाहत्यांकडून कलाकारांना पैसे मिळवून देणाऱ्या साइटचं उदाहरण माझ्या डोक्यातून जात नाही. २०१५ मध्ये त्यांच्या साइटची एक डीबग आवृत्ती बाहेरून उघडी राहिली होती, आणि तिच्यासोबत खऱ्या डेटाबेसची प्रत होती. चोर तिथूनच आत शिरला. तेवीस लाखांवर लोकांचे ईमेल पत्ते बाहेर गेले. मूळ साइटला जी कुलपं होती ती या आवृत्तीला नव्हती, माणसांची माहिती मात्र तीच होती.

आमच्या यादीत अडीच हजारांच्या आसपास सभासद आहेत. त्यांत ऐंशी ओलांडलेली माणसं आहेत, एकट्या राहणाऱ्या बायका आहेत. त्यांचे पत्ते, फोन, पॅन नंबर. तीस-चाळीस वर्षांच्या ओळखीवर त्यांनी हे दिलेलं आहे. धाकट्याच्या लॅपटॉपवर ते असायचं काहीच कारण नाही.

म्हणून एक स्क्रिप्ट लिहिली. ती लाइव्हच्या बॅकअपवरून स्टेजिंगचा डेटा बनवते आणि वाटेत सगळं बदलते. आडनावं आणि नावं एका यादीतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी, ईमेल सगळे ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चे. हे नाव १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवलेलं आहे, तिथे चुकून मेल गेला तरी कोणाच्या घरी पोचत नाही. फोन नंबर आणि पॅन बनावट. ‘देणगीचा उद्देश’ या रकान्यात लोक बरंच खाजगी लिहितात, म्हणून तो सरसकट ‘चाचणी’ करून टाकला.

२४ जुलै, गुरुवार

आज स्टेजिंगची तोंडं बंद केली, म्हणजे तिथून बाहेर काहीच जाता कामा नये.

ईमेलसाठी मेलपिट बसवलं. स्टेजिंगने पाठवलेला प्रत्येक मेल ते अडवून घेतं आणि स्वतःच्या पानावर दाखवतं. एसएमएस फक्त एका फाइलमध्ये लिहिले जातात. पेमेंटला आमच्या पेमेंट कंपनीच्या, रेझरपेच्या, टेस्ट किल्ल्या. त्यांच्या नावाच्या सुरुवातीलाच ‘टेस्ट’ असतं, म्हणून आमचा कोड आता सुरू होतानाच तपासतो: मशीन स्टेजिंग असेल आणि किल्ली ‘लाइव्ह’ची असेल तर साइट उघडतच नाही. उलट बाजूनेही तसंच. यूपीआयची चाचणीसुद्धा त्यांच्या बनावट पत्त्यांवर होते, एक यश देणारा, एक अपयश देणारा. अपयशाची चाचणी आम्ही याआधी कधी केलीच नव्हती!

एक गोष्ट थोडक्यात वाचली. लाइव्हची मांडणी उतरवताना क्रॉनची (ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची) यादीही आली होती. त्यात दर सोमवारी सकाळी दहाला ‘वर्गणी थकली’ असा मेसेज पाठवणारं काम होतं. एसएमएसची खरी किल्ली स्टेजिंगवर कालपर्यंत होती. डेटा बनावट नसता आणि मी हे आठवडाभर लांबवलं असतं तर म्हाताऱ्या माणसांना थकबाकीचे मेसेज दोन-दोनदा गेले असते. आता किल्ल्याच तिथे नाहीत, आणि मेलची बाहेर जाणारी पोर्टंही फायरवॉलवर बंद आहेत.

२९ जुलै, मंगळवार

लाइव्हवर कधी तरी जावं लागणारच: बॅकअप बघायला, डिस्क बघायला. मग तिथे चूक होऊ नये म्हणून काय करायचं ते ठरवलं.

लाइव्हच्या टर्मिनलचा (आज्ञा टाइप करायच्या खिडकीचा) प्रॉम्प्ट लाल, स्टेजिंगचा हिरवा. डेटाबेसमध्ये आमच्यासाठी फक्त वाचू शकणारा युजर. लिहिण्याचा हक्क असलेला युजर वेगळा, आणि तो वापरायचा असेल तर दोघांनी मिळून. मायएसक्यूएलला, म्हणजे आमच्या डेटाबेसला, ‘सेफ अपडेट्स’ लावलं. त्यामुळे ‘व्हेअर’ (कुठल्या ओळी) किंवा ‘लिमिट’ (किती ओळी) न लिहिलेली अपडेट-डिलीट ते चालवतच नाही.

जेवताना धाकट्याला गिटलॅब या लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीची हकिकत सांगितली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांचा इंजिनिअर दमलेला होता, दोन डेटाबेस सर्व्हर समोर होते, आणि दुय्यम समजून त्याने मुख्य सर्व्हरवरचा डेटा पुसायला घेतला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले होते. बॅकअपच्या पद्धती पाच होत्या, ऐन वेळी त्यातली एकही धड उपयोगी पडली नाही. शेवटी कामी आली ती सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत, आणि ती घेतली होती स्टेजिंगवर चाचणी करण्यासाठी! त्यांनी हे सगळं स्वतःहून, काहीही न लपवता जाहीर लिहिलं. याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो.

धाकटा म्हणाला, ‘म्हणजे आपली स्क्रिप्ट रोज बॅकअपवरून स्टेजिंग बनवते, तेव्हा बॅकअप खरंच उघडतो की नाही तेही रोज कळतं.’ हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खरंच आहे.

२ ऑगस्ट, शनिवार

नवी चूक, आणि तीही लाइव्हवर. परवा देणगीचा नवा एसएमएस चालू केला, त्यात उद्देशही येतो. आज काकांचा फोन: ‘अगं, एका बहीण-भावाने एकाच दिवशी देणगी दिली. भावाला मेसेज आला, बहिणीला नाही. ती विचारतेय, माझे पैसे पोचले ना?’

पैसे पोचले होते. पावतीही तयार होती. मेसेज तेवढा नाही. स्टेजिंगवर पन्नास देणग्या दिल्या, पन्नासही मेसेज फाइलमध्ये आले. धाकट्याचा हात लाइव्हकडे वळला. ‘दोन मिनिटं, ताई. फक्त एक प्रिंट टाकून बघतो.’ गेल्या वर्षी मीही अगदी हेच म्हटलं होतं. नको म्हटलं.

४ ऑगस्ट, सोमवार

सापडली. नीट लिहून ठेवते.

भावाला आलेल्या मेसेजचा फोटो काकांनी पाठवला होता. मी तो दोन दिवस बघत होते, पण वाचत नव्हते. आज वाचला. त्यात ‘उद्देश: वडिलांच्या’ एवढंच होतं. पुढे काही नाही. मूळ नोंद बघितली: ‘वडिलांच्या स्मरणार्थ’. बहिणीची नोंद: ‘आईच्या स्मरणार्थ’.

एसएमएसच्या मंजूर साच्यात प्रत्येक बदलत्या जागेला तीस अक्षरांची मर्यादा असते. म्हणून धाकट्याने उद्देश तीसवर कापला होता. पण त्याने वापरलेलं पीएचपीचं ‘सब-स्ट्र’ फंक्शन अक्षरं मोजत नाही, बाइट (साठवणीचं लहान एकक) मोजतं. यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळी वेगळी चिन्हं. मोकळी जागा मात्र एकाच बाइटची.

कागदावर मांडलं. वडिलांच्या: व, ड, वेलांटी, ल, काना, अनुस्वार, च, हलन्त, य, काना. दहा चिन्हं, बरोबर तीस बाइट. सुरी नेमकी शब्दाच्या कडेला पडली. अर्थ तुटला, पण अक्षर शाबूत राहिलं, मेसेज गेला.

आईच्या: सहा चिन्हं, अठरा बाइट. मोकळी जागा, एकोणीस. पुढे स, हलन्त, म, अठ्ठावीस. उरले दोन. ‘स्मरणार्थ’मधल्या ‘र’चे तीनपैकी दोनच बाइट आत आले. असा तुटका मजकूर जेसनमध्ये (डेटा पाठवायच्या ठरलेल्या साच्यात) बसत नाही. ‘जेसन-एन्कोड’ काही न ओरडता ‘फॉल्स’ देतं, आणि आमचा कोड ते न तपासता रिकामा निरोप एसएमएस पाठवणाऱ्या गेटवेला पाठवत होता.

‘गणेशोत्सव वर्गणी’ हाही याच सुरीखाली सापडतो: सत्तावीस, एक, आणि ‘व’चे दोन. म्हणजे सर्वात जास्त वापरला जाणारा उद्देशच अडला असता. आणि मुळात ‘आईच्या स्मरणार्थ’ची चिन्हं सोळाच आहेत, ते कापायची गरजच नव्हती.

स्टेजिंगवर हे का दिसलं नाही? कारण मी सगळे उद्देश ‘चाचणी’ करून टाकले होते. पंधरा बाइट, कापलेच जात नाहीत. खाजगी माहिती झाकताना मी तिचा आकारही पुसला होता. स्क्रिप्ट बदलली. आता उद्देश एका यादीतून येतात. त्यात लहान, लांब, जोडाक्षरांचे, एका शब्दाचे, पाच शब्दांचे, इंग्रजी मिसळलेले, सगळ्या प्रकारचे आहेत, पण कोणाच्याही घरचे नाहीत. बदल करून स्टेजिंग पुन्हा बनवलं आणि पहिल्या पन्नास देणग्यांत एकोणीस मेसेज अडले. त्यांना बघून इतका आनंद होईल असं वाटलं नव्हतं.

दुरुस्तीलाही दोन खेपा लागल्या. आधी धाकट्याने काना-मात्रा अक्षरापासून न तोडणारं ‘ग्राफीम’ फंक्शन वापरलं. त्याच्या लॅपटॉपवर चाललं, स्टेजिंगवर ‘असं फंक्शनच नाही’. लाइव्हवर आणि म्हणून स्टेजिंगवर हे फंक्शन देणारं इंटल एक्स्टेन्शन बसवलेलं नाही, त्याच्याकडे ते नकळत आलं होतं. बसवता आलं असतं, पण विचार केल्यावर ते मुळात चुकीचं माप निघालं. मर्यादा चिन्हांची आहे, आणि एका जोडाक्षरात चार-चार चिन्हं असतात. शेवटी साधं केलं: चिन्हं तीसच्या आत असली तर कापायचंच नाही, जास्त असली तर शेवटचे शब्द पूर्णच गाळायचे. कोणाच्या आईच्या नावाने आलेला मजकूर अर्धवट तोडून छापायचा नाही. एन्कोडिंग फसलं तर आता कोड थांबतो आणि लॉगमध्ये लिहितो.

बहिणीला काकांनी फोन करून सांगितलं. मेसेज रात्री गेला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

कोड लाइव्हवर जायचा रस्ता एकच ठेवला: गिट, मग स्टेजिंग, मग लाइव्ह. फाइल एफटीपीने चढवणं बंद, एफटीपीच काढून टाकलं. प्रत्येक आवृत्तीचं वेगळं फोल्डर आणि ‘चालू’ नावाची एक सिमलिंक, म्हणजे त्यातल्या एका फोल्डरकडे बोट दाखवणारी खूण. परत जायचं तर सिमलिंक मागच्या फोल्डरकडे वळवायची. स्टेजिंगवर करून बघितलं तर सिमलिंक वळूनही जुनाच कोड चालत राहिला. पीएचपीचा कोड लक्षात ठेवणाऱ्या ऑपकॅशने जुना पत्ता धरून ठेवला होता. एन्जिनएक्स या वेब सर्व्हरकडून पीएचपीला सिमलिंकचा पत्ता जात होता, तिथे खऱ्या फोल्डरचा पत्ता द्यायला लावला. हे लाइव्हवर घडलं असतं तर दुरुस्ती का लागू होत नाही म्हणून आम्ही डोकं फोडून घेतलं असतं.

उद्या राखी, सुट्टी.

१३ ऑगस्ट, बुधवार

लाइव्हवर डीबग करायचं नाही म्हटलं तर तिथे काय चाललंय ते कळायला हवं. डिस्प्ले एरर्स बंद, लॉग एरर्स चालू. माणसाला फक्त ‘काही अडचण आली’ आणि सहा अक्षरांचा एक क्रमांक दिसतो. तोच क्रमांक लॉगमध्ये. फोन, पॅन, ईमेल लॉगमध्ये जात नाहीत. देणगीचा अंतर्गत क्रमांक पुरतो.

लॉग आता १८० दिवस ठेवतो. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत तेवढेच दिवस सांगितलेत. आमचे चौदाच दिवसांचे असायचे, आणि ५ जुलैच्या रात्री ते किती कमी पडतात ते मी बघितलंय.

२० ऑगस्ट, बुधवार

रंगीत तालीम. काका, ग्रंथपाल ताई आणि संस्थेचे नऊ स्वयंसेवक आपापल्या घरून, संध्याकाळी सात वाजता, स्टेजिंगवर एकाच वेळी बनावट देणग्या. पीएचपीचे कामकरी पाचावरून बारा केले होते, मेमरी तेवढीच झेपते. अडलं नाही. काकांनी मुद्दाम मध्येच फोन बंद केला, परत पैसे भरले, मागे गेले, पुन्हा पुढे. दुसरी पावती झाली नाही. ते खूश होते.

आजपासून नवं काही लाइव्हवर जाणार नाही. फक्त दुरुस्ती, तीही स्टेजिंगवरून.

२७ ऑगस्ट, बुधवार. गणेश चतुर्थी

घरचा गणपती साडेअकराला बसला. संध्याकाळी संस्थेत.

सात वाजून दहा मिनिटांनी लॉगमध्ये एक इशारा: रकमेच्या अक्षरी रूपात ‘ॲरे की ७९ सापडत नाही’. कोणीतरी घरातल्या मोठ्या माणसाच्या एकोणऐंशीव्या वाढदिवसाला ७,९७९ रुपये दिले होते. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येक आकड्याला वेगळा शब्द, त्यामुळे कोडमध्ये त्यांची यादी आहे, आणि त्यात ‘एकोणऐंशी’ राहून गेलं होतं. पावतीवर ‘सात हजार नऊशे’ आणि पुढे मोकळी जागा. गेल्या वर्षीच्या मांडणीत हाच इशारा पीडीएफच्या आत घुसला असता आणि पावती उघडलीच नसती.

आरती चालू होती. मी लॅपटॉप उघडला, लाल प्रॉम्प्ट बघितला आणि तो बंद केला. घाई कशाला? पैसे आलेत, पावती क्रमांक आहे, एका माणसाला दुरुस्त पावती उशिरा मिळेल. आरती पूर्ण केली.

नऊनंतर स्टेजिंगवर चूक पुन्हा घडवली, शब्द भरला, आणि धाकट्याने एक ते नव्याण्णव सगळे आकडे तपासणारी चाचणी लिहिली. ‘एकोणनव्वद’ही गायब निघालं. रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी, साइटवर कोणी नसताना, लाइव्ह. नवी पावती गेली, सोबत काकांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहिल्या.

६ सप्टेंबर, शनिवार. अनंत चतुर्दशी

दहा दिवसांत पैसे दोनदा आल्याची एकही नोंद नाही. काकांनी बँकेच्या उताऱ्याशी ओळ न ओळ ताडून बघितली.

रात्री झांक्या, म्हणजे चित्ररथ, बघायला गेलो, धाकटाही आला. इंदूरच्या कापड गिरण्या बंद पडून किती वर्षं झाली, पण त्यांच्या नावाच्या झांक्या आजही निघतात. कुठल्या तरी रथाच्या मागे एक माणूस वायर हातात धरून चालत होता, दिवे विझू नयेत म्हणून. धाकटा बराच वेळ त्याच्याकडेच बघत होता.

९ सप्टेंबर, मंगळवार

लाइव्हवरून एक्सडीबगचं पॅकेज काढून टाकलं. बंद करून ठेवलेलं होतं, आता नाहीच.

पुढचं काम: पीएचपी ८.१ ची सुरक्षा दुरुस्ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपते. ८.३ वर जायचं. स्टेजिंगवर आज दुपारी ८.३ चढवलं, ग्रंथालयाच्या शोधात अकरा इशारे आले. धाकट्याने यादी केली आहे, उद्या पहिल्यापासून घेतो.